तबकडीवरची बारीक अक्षरं वाचायची कशी?

पहिला पाऊस झाला की घड्याळजींच्या दुकानात एकच संवाद रोज ऐकू येतो. काचेच्या आत धुकं धरलेलं घड्याळ गिऱ्हाईक काउंटरवर ठेवतं आणि वैतागून म्हणतं, “अहो, यावर वॉटर रेझिस्टंट लिहिलंय. तेही तीस मीटर! मी फक्त गाडीवरून येताना भिजलो.” घड्याळजी वाद घालत नाहीत. डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडतात आणि चिमट्याने एक काळी रबरी रिंग बाहेर काढतात. जरा वाकवली की ती तुटते.

गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. कंपनीनेही खोटं छापलेलं नसतं. तबकडीवर आणि पाठीवर जे पाच-सहा शब्द असतात, ते आपण जाहिरातीसारखे वाचतो. वाचायला हवेत औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसारखे. वापरल्याने जेवढी घड्याळं बिघडतात, त्याहून जास्त हे शब्द चुकीचे वाचल्याने बिघडतात, असं माझं मत आहे. म्हणून ते शब्द एकेक घेऊ या. त्याआधी घड्याळाच्या आत काय चालतं, तेवढं बघून घेऊ.

टिकटिक नक्की कशाची?

मनगटावरची काट्यांची घड्याळं दोन जातींची. सेकंदकाटा सेकंदाला एकच उडी मारत असेल तर बहुतेक ते सेलवरचं, म्हणजे क्वार्ट्झ घड्याळ. काटा सरपटत गेल्यासारखा दिसत असेल तर ते बहुधा स्प्रिंगवर चालणारं, आपल्या बोलीत चावीचं.

चावीच्या घड्याळात एक लांब पोलादी पट्टी डबीत गुंडाळलेली असते. आपण चावी देतो तेव्हा ती आवळली जाते, आणि मग तिला फक्त सुटायचं असतं. सुट्टीच्या दिवशी एसटीच्या दारात लोटलेली गर्दी आठवा. ही गर्दी एकदम आत शिरली तर काटे गरगर फिरून मिनिटाभरात खेळ संपेल. म्हणून दारात एक कंडक्टर उभा असतो, तो एका वेळी एकालाच सोडतो. ‘टिक’ हा त्याचाच आवाज. त्याने कोणत्या तालात सोडायचं, हे ठरवतं बॅलन्स नावाचं एक चाक. केसाएवढ्या बारीक स्प्रिंगच्या, म्हणजे हेअरस्प्रिंगच्या, जोरावर ते झोपाळ्यासारखं पुढे-मागे हलत राहतं. आपल्याकडच्या जुन्या एचएमटीत असे तासाला १८,००० हेलकावे असतात. म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४ लाख ३२ हजार आणि वर्षाला पंधरा कोटींहून जास्त. घरातलं दुसरं कुठलं यंत्र एवढी मेहनत करतं, सांगा.

क्वार्ट्झमध्ये झोपाळ्याची जागा एक इवलासा स्फटिक घेतो. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण मुद्दाम निवडलेला आहे. त्याला अर्धं करा, त्याचं अर्धं, पुन्हा त्याचं अर्धं, असं पंधरा वेळा करत गेलं की बरोबर १ उरतो. आतली चिप हेच करते आणि सेकंदाला एकदा छोट्या मोटारीला ढकलते. क्वार्ट्झवरचं पहिलं मनगटी घड्याळ सेकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये विक्रीला आणलं आणि त्यानंतर स्वित्झर्लंडच्या कित्येक कारखान्यांची झोप उडाली.

इथेच एक तक्रार निकालात काढतो. “चावीचं घड्याळ रोज दहा सेकंद पुढे जातं, म्हणजे बिघडलंय.” नाही, बिघडलेलं नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात दहाची चूक म्हणजे दीडशे किलोमीटरच्या प्रवासात सतरा-अठरा मीटर इकडेतिकडे होणं. ज्या घड्याळांवर ‘क्रोनोमीटर’ असं मिरवलेलं असतं, त्यांनाही स्विस तपासणी संस्था दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट देते. साध्या जुन्या घड्याळाने याहून बरीच जास्त चूक केली तरी चालवून घ्यावं. मात्र कालपर्यंत दहा सेकंद पुढे जाणारं घड्याळ आज अचानक दहा मिनिटं पुढे जायला लागलं, तर त्याचं कारण वेगळं असतं. त्याकडे पुढे येतो.

‘३० मीटर’ म्हणजे तीस मीटर नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान याच शब्दांनी केलंय.

तो आकडा खोलीचा दिसतो, पण असतो दाबाचा. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की साधारण एक बार, म्हणजे वातावरणाएवढा, दाब वाढतो. म्हणजे ३० मीटर हे झाले ३ बार. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी मारतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त असतो. म्हणजे त्याच्या तिप्पट दाब ते घड्याळ सोसतं. मग भिजल्यावर आत पाणी कसं येतं?

कारण परीक्षा होते नव्या घड्याळाची. रबर ताजं, पाणी स्वच्छ आणि साध्या तापमानाचं, घड्याळ स्थिर, आणि दाब थोडाच वेळ. आयएसओ २२८१० या आंतरराष्ट्रीय मानकात असं ठरलेलं आहे. त्यात पाच वर्षं मनगटावरचा घाम, साबण, गॅसजवळची वाफ आणि दुपारी दोनचं ऊन येत नाही. ‘वॉटरप्रूफ’ असा ठाम शब्द चांगल्या कंपन्या म्हणूनच छापत नाहीत, ‘रेझिस्टंट’ म्हणतात. म्हणजे अडवतं, पण हमी नाही.

सगळा भार असतो त्या काळ्या रिंगांवर. एक पाठीच्या झाकणाखाली, एक चावीच्या, म्हणजे बाजूच्या वेळ लावायच्या बोंडाच्या, दांड्यावर, आणि बऱ्याचदा एक काचेच्या कडेला. कुकरच्या रिंगचं काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवी असते तेव्हा घट्ट, दोनेक वर्षांनी कडक पडते, मग बाजूने वाफ सुटायला लागते. तेव्हा आपण कुकर टाकत नाही आणि कंपनीला शिव्याही देत नाही. पंधरा मिनिटांत नवी रिंग आणतो. घड्याळाच्या बाबतीत मात्र तीच रिंग दहा-दहा वर्षं बदलत नाही.

इथे एका लोकप्रिय समजुतीला धक्का द्यायचा आहे. पोहताना हात जोरात मारला की दाब कित्येक पटींनी वाढतो आणि त्यामुळे ३० मीटरवालं घड्याळ बुडतं, असं दुकानातही सांगतात आणि अनेक ठिकाणी छापूनही येतं. गणित मांडून बघा. सेकंदाला दोन मीटर वेगाने हात पाण्यातून गेला, तर त्या वेगामुळे वाढणारा दाब जेमतेम वीस सेंटिमीटर खोलीएवढा. सेकंदाला दहा मीटर वेग धरला, जो पाण्याखाली आपल्या बापजन्मात साधणार नाही, तरी हिशेब पाच मीटर खोलीचा येतो. म्हणजे दोष हाताच्या वेगाचा नाही.

मग कशाचा? म्हाताऱ्या रबराचा आणि तापमानाचा. समजा, दुपारी सिग्नलला उभे आहात, घड्याळ तापून ४५ अंशांवर गेलंय आणि वळवाची सर आली. घड्याळ २५ अंशांवर उतरलं की आतली हवा आक्रसते आणि तिचा दाब सहा टक्क्यांनी घटतो. बाहेरचं पाणी आत ओढायला ही एक हलकी फुंकरच झाली, फक्त उलट्या दिशेची. नवी रिंग याला दाद देत नाही. कडक पडलेली रिंग देते. गरम पाण्याची आंघोळ म्हणूनच पोहण्यापेक्षा वाईट, कारण गरम, मग थंड, आणि वर साबणाचा फेस. साबण पाण्याचा ताण मोडतो, त्यामुळे जिथे साधं पाणी अडेल तिथे साबणाचं पाणी शिरतं.

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे अर्धवट बाहेर राहिलेली चावी. वेळ लावली, दाबायची विसरली, आणि बेसिनवर हात धुतले. दार उघडं टाकून कुलपाचा दोष काढण्यासारखंच ते.

व्यवहारात एवढं धरा. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारे शिंतोडे आणि थोडा पाऊस. ५० म्हणजे चुकून टाकीत पडलं तरी जीव जाणार नाही. १०० असेल, रिंगा नव्या असतील आणि चावी नीट बसली असेल, तर खुशाल पोहा. समुद्राखाली उतरणाऱ्यांची घड्याळं वेगळ्या मानकाची असतात आणि त्यांच्यावर ‘डायव्हर्स’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. गणपतीपुळ्याला किंवा कळंगुटला डुंबून आलात तर असं घड्याळसुद्धा गोड्या पाण्याखाली धरा, मिठाचे कण कडांमध्ये बसून राहतात. आणि एचएमटी जनतासारखं जुनं घड्याळ असेल तर त्याला पाणी चालत नाही, असं सरळ धरून चला.

एवढ्यावर कोणी विचारतं, “सेल बदलताना रिंग बदलायला हवी का?” बदलायची की नाही ते घड्याळजी बघून सांगतील. पण एकदा पाठीचं झाकण उघडलं की तबकडीवरचा जुना आकडा रद्द झाला असं समजायचं. बसवताना रिंग केसभर चिमटली तरी पुरे. पोहायचं घड्याळ असेल तर प्रेशर टेस्टिंगचं यंत्र असलेल्या दुकानातच उघडा. रस्त्यावर पाच मिनिटांत सेल टाकून घेतलेलं घड्याळ चालतं छान, फक्त ते आता कोरडं घड्याळ असतं.

धुकं धरलंय, तांदळात ठेवू का?

नको. तांदूळ बाहेरची हवा थोडी कोरडी करतो. पण आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच नाही. पाणी आत जाताना दाबाने ढकललं गेलं, बाहेर येताना त्याला ढकलणारं कोणी नाही. वर तांदळाची भुकटी कडांमध्ये बसते ती वेगळीच. उन्हात ठेवून किंवा केस वाळवायच्या यंत्राने तापवूनही तेच होतं. पाण्याची वाफ होते, यंत्रभर पसरते आणि गार झाल्यावर पुन्हा थेंब होऊन बसते, आता आणखी आतल्या जागी.

आधी धुकं कोणतं ते ओळखा. एसी खोलीतून दमट हवेत आलात आणि काचेवर दव आलं, तर ते बाहेरून की आतून ते बोटाने पुसून बघा. ताकाच्या गार ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं तसं ते बाहेरचं असेल तर विसरून जा. आतून असेल, पण मिनिट-दोन मिनिटांत विरत असेल, तर आत थोडी दमट हवा आहे, सवडीने दाखवा. तासाभरानंतरही थेंब दिसत असतील तर त्याच दिवशी दुकान गाठा. पोलादी चाकांना आणि दांड्यांना गंज धरायला आठवडे लागत नाहीत. समुद्राचं पाणी असेल तर तास मोजायचे.

कारखान्यात वापरतात ती एक सोपी परीक्षा माहीत असायला हरकत नाही. घड्याळ ४०-४५ अंशांच्या गरम पत्र्यावर ठेवतात, काचेवर साध्या पाण्याचा थेंब टाकतात, मिनिटभराने पुसतात. थेंबाच्या जागी आतून धुक्याचा ठिपका दिसला की आत ओल आहे. घरी तव्यावर हा प्रयोग करू नका. एवढ्यासाठीच सांगतोय की घड्याळजींनी हे केलं तर ते जादूटोणा करतायत असं वाटू नये.

सेलवरच्या घड्याळाला कसली निगा?

“क्वार्ट्झला काही लागत नाही, दोन-तीन वर्षांनी सेल टाकला की झालं.” बहुतांशी खरं. पण त्यात एक खोट आहे. बंद पडलेलं घड्याळ आपण कपाटात ठेवतो, ‘नंतर बघू’ म्हणून. संपलेला सेल आत पडून राहतो, त्यातून दाहक द्राव पाझरतो आणि तांब्याच्या बारीक तारा खाऊन टाकतो. दिवाळीच्या साफसफाईत घड्याळ सापडतं तेव्हा नवा सेल टाकूनही ते हलत नाही. वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा.

सेल संपत आल्याचं बरीच घड्याळं स्वतः सांगतात. सेकंदकाटा दर सेकंदाला हलायचं सोडून दोन सेकंदांनी दोन घरं एकदम उडी मारायला लागतो. लोकांना वाटतं, मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं, ते इंधनाचा दिवा लावतंय.

सेल घेताना ‘सिल्व्हर ऑक्साइड’ मागा. त्याच मापाचा स्वस्त अल्कलाइन सेलही बसतो, पण त्याचा जोर हळूहळू उतरत जातो आणि पाझरण्याची भीतीही जास्त. सिल्व्हर ऑक्साइडचा १.५५ व्होल्टचा दाब शेवटापर्यंत जवळजवळ तसाच राहतो.

आणि हे घड्याळाबद्दल नाही, तरी लिहितो. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मूल तो गिळतं, आणि अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकतो. नाण्याएवढे लिथियमचे सेल सगळ्यात वाईट. चिकटपट्टीत गुंडाळा आणि लगेच नजरेआड करा.

‘१७ ज्वेल्स’: माणिक कुठे आहेत?

एका पिढीला ‘१७ ज्वेल्स, पॅराशॉक’ ही तबकडीवरची अक्षरं पाठ आहेत. हिंदुस्तान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूला घड्याळं करायला सुरुवात केली, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं दहावी पास झाल्याचं, नोकरी लागल्याचं, लग्नाचं घड्याळ म्हणजे एचएमटी. त्या सतरा माणकांबद्दल आमच्याकडे फार आदर होता. घड्याळ मोडीत काढलं तर माणकं निघतील, असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक वाड्यात असायचाच.

माणकं खरंच असतात. पण ती भट्टीत केलेली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेर्नुईने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि घड्याळातल्या माणकाची किंमत कवडीवर आली. ते शोभेसाठी नसतंच. चाकाचा दांडा पितळेच्या भोकात फिरला तर पितळ झिजतं. तेच भोक माणकात पाडलं तर झिजत नाही आणि घर्षणही कमी होतं. सोप्या शब्दांत सांगायचं तर ती बेअरिंगं आहेत. म्हणून २५ ज्वेल्सचं घड्याळ १७ वाल्यापेक्षा भारीच असेल, असं नाही. साध्या चावीच्या घड्याळाला सतरा पुरतात. आणि ‘पॅराशॉक’ म्हणजे बॅलन्सच्या टोकाचं माणिक एका नाजूक स्प्रिंगवर बसवलेलं आहे, घड्याळ पडलं तर धक्का स्प्रिंग झेलते. भिंतीवर हात आपटायचा परवाना तो नव्हे.

प्रत्येक माणकाच्या वाटीत तेलाचा एक कण असतो. थेंब नव्हे, कण. सुईच्या अग्राने ठेवलेला. घड्याळाचं आयुष्य त्या कणावर असतं. काही वर्षांत ते तेल घट्ट होतं, नाहीतर पसरून नाहीसं होतं. मग दांडा कोरडा फिरतो, लोखंडाची भुकटी पडते, ती उरलेल्या तेलात मिसळते, आणि ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं काम करू लागतं.

इथे हमखास येणारा आक्षेप: “चालतंय ना? मग कशाला उघडायचं?” स्कूटरचं इंजिन ऑइल वेळेवर बदललं नाही म्हणून गाडी त्या दिवशी थांबत नाही. उलट छान पळते. खर्च दोन वर्षांनी कळतो. चावीचं घड्याळ रोज वापरात असेल तर चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करून घ्यावं. सर्व्हिसिंग याचा अर्थ मशीन पूर्ण सोडवणं, प्रत्येक भाग धुणं, आणि जागच्या जागी वेगवेगळं तेल देणं. झाकण उघडून पेट्रोलमध्ये बुडवून काढणं याला सर्व्हिसिंग म्हणत नाहीत, जरी काही ठिकाणी त्याचेच पैसे घेतात. आधी विचारा, “सगळं खोलणार का?” उत्तराआधी किती वेळ थांबतात, त्यावरून कळतं.

शिवणयंत्राचं तेल, खोबरेल, गंज सोडवायचा स्प्रे, यातलं काही घरी घालू नका. खोबरेल थंडीत गोठतं, हे आपल्याला बाटलीच सांगते. स्प्रे हेअरस्प्रिंगवर गेला तर तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात.

जाता जाता: “जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडलं” हेही बहुतेक वेळा खरं नसतं. स्प्रिंग पूर्ण आवळलेली असते, पण घट्ट झालेल्या तेलातून चाकं हलत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की चावी जास्त झाली. रोज साधारण एकाच वेळी चावी द्या, अडली की थांबा, आणि मनगटावरून काढून द्या. हातावर असताना चावी दिली की दांडा तिरका ओढला जातो आणि हळूहळू सैल होतो.

अचानक दहा मिनिटं पुढे: चुंबकाची चोरी

मघाशी अर्धवट सोडलेली गोष्ट. चावीचं घड्याळ एका दिवसात काही मिनिटं पुढे जायला लागलं, तर पहिला संशय चुंबकावर घ्यायचा. हेअरस्प्रिंगची वेटोळी चुंबकित झाली की एकमेकींना चिकटू लागतात. स्प्रिंग जणू आखूड होते. आखूड दोरीचा झोपाळा भराभर हलतो, हे लहानपणापासून माहीत आहे. घड्याळ तसंच धावतं.

चुंबक येतो कुठून? मोबाइलच्या पाकिटाचं फटकन बंद होणारं झाकण, पर्सचं बटण, छोटे स्पीकर, लॅपटॉपचं झाकण. मी स्वतः एक घड्याळ रात्री पाकीट-कव्हरवाल्या मोबाइलवर ठेवायचो आणि सकाळी ‘कंपनीने फसवलं’ म्हणून कुरकुरायचो. तपासायचं असेल तर साधं होकायंत्र घ्या आणि घड्याळ त्याच्याभोवती हळूहळू फिरवा. सुई घड्याळाच्या मागे वळू लागली की चोर सापडला. घड्याळजींकडे चुंबकत्व उतरवायचं छोटं यंत्र असतं, काम मिनिटाचं.

घाबरून मोबाइल खिशात ठेवायचं बंद करायची गरज नाही. चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. वितभर लांब ठेवलं तरी पुष्कळ. क्वार्ट्झ घड्याळाची छोटी मोटार चुंबकाजवळ अडते, दूर नेलं की पुन्हा चालू लागते. वेळ तेवढी लावून घ्यायची. नुसत्या आकड्यांच्या घड्याळाला याचं सोयरसुतक नसतं.

काही छोटे शब्द

तारखेचं घर असलेल्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नका. तारीख पुढे ढकलणारा दात तेव्हा चाकात अडकलेला असतो, जोर लावला की तोच तुटतो. आपलं घड्याळ दिवसात आहे की रात्रीत, हे कळत नसेल तर आधी काटे फिरवून साडेसहावर आणा, मग तारीख बदला.

पाठीवर ‘बेस मेटल’, म्हणजे आत साधा धातू, असं लिहिलं असेल तर वरचा मुलामा जाईल, आज ना उद्या. कोकणात आणि मुंबईत लवकर, सोलापुरात जरा उशिरा. रात्री घड्याळ काढल्यावर पाठ कोरड्या फडक्याने पुसली तर बरीच वर्षं निघतात. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात कपाटात जाऊ द्या. चार महिने नायलॉनचा किंवा रबरी लावा. काचेवर ओरखडे पडले असतील तर आधी काच कोणती ते विचारा. जुन्या एचएमटीची काच खरी काच नसून ॲक्रिलिक असते आणि पांढऱ्या टूथपेस्टने हळुवार घासली की ओरखडे जातात. साध्या काचेवर हा प्रयोग फुकट, आणि सफायर काचेवर ओरखडा सहसा पडतच नाही, कारण तिच्याहून कठीण म्हणजे जवळजवळ हिराच.

आणि ‘रेडियम’. अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला आपण रेडियम म्हणतो, गाडीची नंबर प्लेट करणाऱ्याचं दुकानसुद्धा ‘रेडियम आर्ट’ असतं. आजच्या घड्याळात रेडियमचा अंशही नसतो, तो बहुतेकदा उजेड पिऊन परत सोडणारा साधा रंग असतो. पण आजोबांचं, स्वातंत्र्याच्या आसपासचं, चमकत्या काट्यांचं घड्याळ असेल तर त्यात खरं रेडियम असू शकतं. चमक विझलेली असते, किरण नाही, कारण रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. काच बंद असेपर्यंत जपून ठेवायला हरकत नाही. स्वतः उघडून ती पिवळी भुकटी खरवडायला मात्र जाऊ नका.

घड्याळापेक्षा सर्व्हिसिंग महाग, मग?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. साधं क्वार्ट्झ घड्याळ असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. त्यातलं जपानी मशीन आख्खं बदलणं बहुतेक वेळा साफ करण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्मार्टवॉचची कथा मोबाइलसारखी. त्याची बॅटरी थकेल तेव्हा थकेल, फक्त त्याचीही पाणी अडवायची ताकद वर्षागणिक उतरते, एवढं लक्षात असू द्या.

जुन्या चावीच्या घड्याळाचं वेगळं. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. आता बरेचसे सुटे भाग मिळतात ते दुसऱ्या एखाद्या मेलेल्या घड्याळातून. म्हणून तुमच्याकडचं घड्याळ बंद असलं तरी फेकू नका, आणि विकत घेताना डोळे उघडे ठेवा. जगभरच्या संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्द रूढ आहे, आणि तो कौतुकाचा नाही. जुनं मशीन, नव्याने रंगवलेली भडक तबकडी, तिसऱ्याच घड्याळाचे काटे, असं जोडकाम करून विकलेल्या घड्याळाला ते तसं म्हणतात. साठ वर्षांचं घड्याळ आणि तबकडी मात्र कालच्या लग्नपत्रिकेसारखी झगझगीत असेल, तर ‘ओरिजनल’ शब्दावर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसिंगला देतानाही घड्याळजींना स्पष्ट सांगा, “तबकडीला हात लावू नका.” डाग राहिले तर राहू देत.

वडिलांचं जनता मी गेल्या वर्षी उघडून घेतलं. घड्याळजींनी झाकण भिंगाखाली धरून मला बोलावलं. आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरं होती. ज्याने घड्याळ खोललं त्याने आपली खूण आणि तारीख झाकणात कोरून ठेवायची, ही घड्याळजींची जुनी रीत. मालकाला ती कधी दिसत नाही. तिथे तीन वेगवेगळी हस्ताक्षरं होती. शेवटची खूण ८९ सालची, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नाआधीची. घड्याळजी म्हणाले, “बघा, हा माणूस व्यवस्थित होता, एकही स्क्रू खरवडलेला नाही.” मग त्यांनी सुई उचलली आणि त्या तिघांच्या खाली आपली खूण कोरली.